स्पर्धा कायदा आणि मोठे व्यापारी दावे: ठाणे-नवी मुंबईतून वकिली सुरू करणाऱ्यांसाठी

दरवर्षी कायद्याचे निकाल लागले की कोर्ट नाक्याजवळच्या आमच्या ऑफिसात दोन-चार मुलंमुली येऊन जातात. चहा येईपर्यंत इकडचं तिकडचं बोलणं होतं आणि मग ठरलेला प्रश्न येतो: "मॅडम, मला कॉम्पिटिशन लॉ करायचाय. पण त्याला दिल्लीलाच जावं लागतं ना?" काहींच्या कानावर कुणीतरी घातलेलं असतं, की फोर्टातल्या बड्या फर्ममध्ये ओळख नसेल तर या वाटेला जाऊच नये.

मी कळव्यात वाढले. वडील वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. घरात वकील नव्हता, फोर्टात ओळख नव्हती. १९ वर्षं झाली या कामाला. पहिली पाच जिल्हा न्यायालयात गेली, पुढची हायकोर्ट, एनसीएलटी (कंपन्यांचे वाद आणि दिवाळखोरी बघणारं न्यायाधिकरण) आणि स्पर्धा आयोगाच्या (स्पर्धा कायदा राबवणारी दिल्लीतली केंद्रीय संस्था) प्रकरणांत. दिल्लीला जावं लागतं, पण तारखेपुरतं. राहायला आणि शिकायला ठाणे-बेलापूर पट्टा पुरेसा आहे, किंबहुना जास्त बरा. कलमं कुठेही बसून वाचता येतात. धंदा कसा चालतो हे मात्र जिथे धंदा चालतो तिथेच कळतं, आणि ते कळल्याशिवाय ही वकिली जमत नाही.

आधी काम समजून घ्या

पूर्वी आपल्याकडे मक्तेदारी रोखणारा १९६९ चा एमआरटीपी कायदा होता. त्याच्या जागी स्पर्धा कायदा, २००२ आला. त्यातली मुख्य कलमं प्रत्यक्ष लागू व्हायला २० मे २००९ उजाडलं आणि कंपन्यांच्या विलीनीकरणाची तपासणी १ जून २०११ पासून सुरू झाली. म्हणजे हे क्षेत्र तसं तरुण आहे. इथे पन्नास वर्षांचा अनुभव असलेला कुणी नाही, आणि नवोदिताला याचा फायदा होतो.

कायद्याचा गाभा तीन गोष्टींत आहे. कलम ३: धंदेवाल्यांनी आपापसांत संगनमत करायचं नाही, म्हणजे भाव ठरवून घेणं, माल रोखून धरणं, गिऱ्हाइकं वाटून घेणं, निविदा 'मॅनेज' करणं बंद. कलम ४: ज्याचा बाजारात दबदबा आहे त्यानं त्याचा गैरवापर करायचा नाही. मोठं असणं हा गुन्हा नाही, हे अशिलाला पहिल्याच भेटीत सांगावं लागतं. कलम ५ आणि ६: ठरावीक आकाराच्या वरचे विलीनीकरणाचे आणि खरेदीचे व्यवहार आयोगाच्या मंजुरीशिवाय करायचे नाहीत.

संगनमत कशाला म्हणायचं हे मी ज्युनिअरांना वाशीच्या फळबाजारात नेऊन दाखवते. हापूसच्या हंगामात पहाटे तिथे गेलात तर पेट्यांच्या रांगांमध्ये दोन माणसं एका रुमालाखाली हात घालून उभी दिसतील. तोंडानं आकडा कुणी बोलत नाही. बोटांच्या दाबावरून भाव सांगितला जातो, नाकारला जातो, वाढतो, ठरतो. बाजूला उभ्या असलेल्या तिसऱ्याला पत्ता लागत नाही. ज्युनिअर लगेच म्हणतात, "मॅडम, हे तर गुपचूप भाव ठरवणं झालं!" मी विचारते, त्या रुमालाखाली हात कुणाकुणाचे आहेत? एक विकणाऱ्याचा, एक घेणाऱ्याचा. त्या दोघांनी आपसात भाव ठरवला तर तो सौदा आहे, मग तो कितीही गुप्त असो. याच रुमालाखाली दोन विकणाऱ्यांचे हात असते आणि 'अमुक रुपयांच्या खाली कुणी द्यायचं नाही' असं ठरलं असतं, तर कलम ३ लागलं असतं. कोण कुणाशी बोललं, हा या कायद्यातला पहिला प्रश्न. काय बोललं हा दुसरा.

व्यापारी दाव्यांचं क्षेत्र जुनं आहे, पण २०१५ च्या व्यापारी न्यायालय कायद्यानं त्याची चाल बदलली. सुरुवातीला दाव्याची किमान रक्कम १ कोटी होती. २०१८ च्या दुरुस्तीनं ती ३ लाखांवर आणली. त्यामुळे रबाळ्यातल्या छोट्या फॅब्रिकेटरची थकबाकीसुद्धा आता या कायद्याखाली येते आणि ठाण्यात बसून तुम्ही हे काम शिकू शकता.

पायरी १: पदवी, सनद आणि परीक्षा

यात फार अडकू नका. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम, दोन्हींसाठी राज्याची एमएच-सीईटी. कॉलेज ठाण्याचं असो, नेरूळचं असो की चर्चगेटचं शासकीय विधी महाविद्यालय, कामाच्या तिसऱ्या वर्षानंतर कुणी विचारत नाही. बीकॉम करून कायद्याकडे आलेल्यांना या क्षेत्रात थोडी आघाडी मिळते, कारण ताळेबंद बघून ते बिचकत नाहीत.

पदवीनंतर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद घ्यायची. नोंदणीच्या नावाखाली पूर्वी हजारो रुपये मागितले जात. ३० जुलै २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की खुल्या प्रवर्गासाठी ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपयांपेक्षा जास्त नोंदणी शुल्क घेता येणार नाही. मग ऑल इंडिया बार एक्झाम. ती पहिल्याच संधीला देऊन मोकळे व्हा.

एक लक्षात ठेवा. स्पर्धा आयोगासमोर वकिलांखेरीज सीए, सीएस (कंपनी सेक्रेटरी) आणि कॉस्ट अकाउंटंटही बाजू मांडू शकतात. कलम ३५ मध्ये तशी तरतूद आहे. त्यामुळे समोरच्या टेबलावर हिशेबात मुरलेला माणूस असू शकतो, हे गृहीत धरून तयारी करा.

पायरी २: पहिली दोन वर्षं कुठे घालवायची

माझं मत अनेकांना पटत नाही, तरी सांगते: पहिली दोन वर्षं जिल्हा न्यायालयात काढा. ठाणे, बेलापूर, पनवेल, जे घराजवळ असेल ते. (नवी मुंबईकरांनी आपण कुठल्या जिल्ह्यात बसतो हे आधी बघावं. वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात. खारघर, कळंबोली, पनवेल रायगडात. अधिकारक्षेत्राचा मुद्दा इथूनच सुरू होतो.) चेक बाउन्सच्या केसेस, भाडेकराराचे वाद, सोसायट्यांची भांडणं, या कामांना नाक मुरडू नका. साक्षीदाराला उलटतपासणीत कुठे थांबवायचं, रोजनामा (न्यायालयाची तारखेवारची नोंद) कसा वाचायचा, न्यायाधीशांच्या चेहऱ्यावरून आपला मुद्दा पोचला की नाही हे कसं ओळखायचं, हे तिथेच शिकायला मिळतं. बड्या फर्ममध्ये पहिल्या दिवसापासून बसलेली हुशार मुलं मी पाहिली आहेत. पाच वर्षं संशोधनाच्या नोट्स लिहूनही कोर्टात उभं राहायची वेळ त्यांच्यावर आलेली नसते.

त्यानंतर फोर्टाकडे वळा. हायकोर्टाच्या मूळ शाखेत (जिथे दावे थेट हायकोर्टात दाखल होतात) सॉलिसिटर ब्रीफ, म्हणजे प्रकरणाचे कागद, तयार करतो आणि काउन्सेल युक्तिवाद करतो, अशी रीत आजही चालते. लिहिण्याची, कागद लावण्याची, अशिलाला सांभाळण्याची आवड असेल तर सॉलिसिटर फर्म. उभं राहून बोलण्याची ओढ असेल तर काउन्सेलचं चेंबर. चेंबरमध्ये पैसे कमी, पण दिवसाला पाच मॅटर ऐकायला मिळतात.

पैशांचं स्पष्ट बोलू. बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढून शहरी भागातल्या ज्युनिअरांना दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली. ती शिफारस आहे, सक्ती नाही. रुजू होण्याआधी सीनिअरला आकडा विचारा. विचारण्यात संकोच वाटू देऊ नका. ज्याला स्वतःच्या मोबदल्याबद्दल बोलता येत नाही त्याला अशिलाच्या पैशांबद्दल बोलणं जड जातं.

पायरी ३: निकाल जोडीनं वाचा

नवोदित कलमं पाठ करतात, मग भल्याथोरल्या टीकाग्रंथाला हात घालतात आणि तिसऱ्या प्रकरणात सोडून देतात. मी सांगते की निकाल वाचा, तेही दोन-दोन समोरासमोर ठेवून.

पहिली जोडी. धान्याच्या गोदामांत कीड मारायला ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या वापरतात. अन्न महामंडळानं २००९ मध्ये त्यांची निविदा काढली आणि तीन कंपन्यांनी किलोमागे नेमका ३८८ रुपये हाच भाव भरला. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ च्या एक्सेल क्रॉप केअर निकालात हे संगनमत मानलं. आता त्याच्याशेजारी २०१८ चा राजस्थान सिलिंडर्सचा निकाल ठेवा. इथे गॅस सिलिंडर बनवणाऱ्या कितीतरी कंपन्यांनी सारखे भाव भरले होते, आणि भाव भरायच्या तोंडावर मुंबईतल्या एका हॉटेलात त्यांच्यातल्या अनेकांची बैठकही झाली होती. वरवर पाहता हे प्रकरण पहिल्यापेक्षा पक्कं वाटतं. तरीही न्यायालय म्हणालं, संगनमत सिद्ध होत नाही.

का? कारण बाजाराची रचना. तो सिलिंडर विकत घेणाऱ्या सरकारी तेल कंपन्या तीनच. माल एकाच साच्याचा, मागचे भाव सगळ्यांना माहीत, आणि किती कुणाकडून घ्यायचं हे खरेदीदाराच्या हातात. अशा बाजारात भाव सारखे येण्यामागे संगनमतच असलं पाहिजे असं नाही. दोन्ही निकाल पुन्हा वाचा आणि एका कागदावर फरक मांडा: घेणारे किती, विकणारे किती, मागचा भाव कुणाला माहीत होता, प्रत्येकाचा खर्च सारखा होता का. हा एक कागद मनापासून तयार केलात तर कलम ३ तुम्हाला कळलं असं समजा.

एक्सेलमध्ये दंडाचाही मुद्दा होता. कंपनी दहा वस्तू बनवत असेल आणि गैरप्रकार एकाच वस्तूत असेल, तर दंड त्या वस्तूच्या उलाढालीवरच काढावा असं न्यायालय म्हणालं. २०२३ च्या दुरुस्तीनं उलाढालीची व्याख्या जागतिक उलाढालीपर्यंत नेली. त्यानंतर २०२४ ची दंडाची मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यानुसार सुरुवात संबंधित उलाढालीच्या ३० टक्क्यांपर्यंत होते आणि कमाल मर्यादा कायद्यातली राहते. जुना निकाल उद्धृत करून हजार कोटींच्या अशिलाला धीर देण्याआधी ही दुरुस्ती वाचा.

बाकीचे थोडक्यात. सेलचा (स्टील अथॉरिटी या सरकारी कंपनीचा) २०१० चा निकाल: चौकशीचा आदेश देण्याआधी समोरच्या पक्षाला ऐकलंच पाहिजे असं बंधन आयोगावर नाही. भारती एअरटेलचा २०१८ चा: ज्या क्षेत्राला स्वतःचा नियामक आहे तिथे तांत्रिक मुद्दे आधी त्यानं ठरवायचे. समीर अग्रवाल, २०२०: आयोगाकडे माहिती, म्हणजे तक्रार, कुणीही देऊ शकतो, ज्याचं स्वतःचं नुकसान झालं त्यानंच यायला हवं असं नाही.

पायरी ४: 'बाजार' म्हणजे काय, ते पायी फिरून शिका

कलम ४ च्या प्रत्येक प्रकरणात पहिली लढाई 'संबंधित बाजार' कोणता यावर होते. जो बाजार लहान आखतो तो समोरच्याला मोठा ठरवतो. जो बाजार मोठा आखतो तो स्वतःला लहान ठरवतो. डीएलएफ या बांधकाम कंपनीच्या २०११ च्या प्रकरणात आयोगानं ६३० कोटींचा दंड केला, त्यातही गुडगावच्या महागड्या घरांचा बाजार वेगळा धरायचा का, हा कळीचा मुद्दा होता.

हे पुस्तकात अवघड वाटतं. म्हणून घराजवळचा धंदा घ्या. ऐरोलीच्या एखाद्या ऑफिसात पाण्याचे २० लिटरचे जार येतात असं धरा. पुरवठादारानं उद्या भाव पाच ते दहा टक्क्यांनी वाढवला आणि तो टिकवला, तर ऑफिस काय करेल? एक लिटरच्या बाटल्या घेईल का? घेणार नाही, परवडत नाहीत. मग बाटल्या वेगळ्या बाजारात. प्युरिफायर बसवेल का? कदाचित, पण जागा भाड्याची असेल तर मालकाची परवानगी लागेल. घणसोलीचा पुरवठादार येईल का? येईल, टेम्पोच्या एका फेरीत जमतं. उरणचा? डिझेलमध्येच त्याचा नफा जाईल, तो येणार नाही. झाला तुमचा भौगोलिक बाजार आखून. मोठमोठे अर्थतज्ज्ञ आयोगासमोर आकडेवारीनिशी हेच करतात.

टीटीसी (ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा), तळोजा, वागळे इस्टेट, एपीएमसीचे पाच बाजार, जेएनपीटीकडे जाणारी कंटेनरची वाहतूक: एवढ्या जवळजवळ इतके वेगळे धंदे दुसरीकडे क्वचित मिळतील. महिन्यातून एका धंद्यात एक दिवस घालवा. माल कुठून येतो, उधारी किती दिवसांची, भाव कोण ठरवतं, मोठं गिऱ्हाईक गेलं तर काय होईल, हे चार प्रश्न विचारा. माणसं सांगतात. आपला धंदा समजून घ्यायला कुणी आलंय याचं त्यांना अप्रूप असतं.

पायरी ५: कागद

वडिलांच्या स्टोअरमध्ये प्रत्येक खणाला एक बिन कार्ड टांगलेलं असे. तारीख, आवक, जावक, शिल्लक, सही. गॅस्केटचा एक डबा कमी निघाला तर ते कार्ड हातात घेऊन मागे मागे जात आणि नेमक्या कुठल्या तारखेला गडबड झाली तिथे बोट ठेवत. मी प्रत्येक प्रकरणाची तारीखवार यादी त्याच चालीवर करते. तारीख, काय घडलं, कुणी कुणाला काय लिहिलं, तो कागद फाइलच्या कुठल्या पानावर आहे, आणि शेवटच्या रकान्यात या कागदाला समोरचा काय उत्तर देईल. निकाल लागेपर्यंत या यादीत भर पडत राहते. काउन्सेलला ब्रीफ देताना आधी हीच यादी द्यायची. ज्या ज्युनिअरची यादी बिनचूक असते त्याला पुढच्या मॅटरमध्ये कुणी विसरत नाही.

निविदांच्या प्रकरणांत तर सगळं कागदातच असतं. दोन प्रतिस्पर्ध्यांच्या निविदा एकाच आयपी ॲड्रेसवरून भरलेल्या, डिमांड ड्राफ्ट एकाच शाखेतून लागोपाठच्या क्रमांकांचे, दोन्ही पत्रांत एकाच शब्दाचं एकच चुकीचं स्पेलिंग. पुणे महापालिकेच्या घनकचरा प्रकल्पांच्या निविदांमधलं संगनमत आयोगानं २०१८ मध्ये उघड केलं, तो आदेश या दृष्टीनं वाचा. संगनमताचा लेखी करार सहसा सापडत नाही. अशा बारीकसारीक खुणा एकमेकींना जोडून शक्यतांचं पारडं झुकवायचं असतं.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते, कारण ती टाळता येण्यासारखी होती. सुरुवातीच्या वर्षांत एक वितरक आमच्याकडे आला होता. कंपनीनं ठरवून दिलेल्या भावापेक्षा स्वस्त विकतो म्हणून त्याचा माल बंद केला होता, आणि कंपनीच्या एरिया मॅनेजरनं तसं मोबाइलवर मेसेजमध्ये लिहिलं होतं. सोन्यासारखा पुरावा. मी प्रिंट काढून घेतल्या, फाइलला लावल्या आणि निश्चिंत झाले. सात महिन्यांनी मूळ फोन मागितला तर त्यानं तो एक्सचेंजमध्ये देऊन नवा घेतला होता. बॅकअप नव्हता. समोरच्यांनी पहिलाच आक्षेप इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणाऱ्या प्रमाणपत्राचा घेतला आणि आमचा सगळ्यात बळकट कागद लंगडा पडला. पहिल्या भेटीत "हा फोन बदलू नका" हे एक वाक्य मी बोलायला हवं होतं.

२०२० च्या अर्जुन खोतकर निकालानं हा विषय पक्का केला. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीचा वाद होता तो. उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला की नाही हे दाखवणाऱ्या चित्रफितींचा प्रश्न होता. न्यायालयानं सांगितलं की मूळ उपकरणच समोर आणत नसाल तर प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ६३ खाली हे प्रमाणपत्र दोन भागांत द्यावं लागतं, एक पक्षकाराचा आणि एक तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा आकडी ठसा) लिहावं लागतं. म्हणून पहिल्याच भेटीत फोन, लॅपटॉप, ईमेल, सगळ्याची नोंद करा, हॅश काढून ठेवा आणि अशिलाकडून लेखी घ्या की काहीही पुसणार नाही.

पायरी ६: दार कुठलं ठोठवायचं

एकाच भांडणाला तीन-चार दारं असतात. वितरकाचा माल बंद झाला: करारभंग म्हणून व्यापारी दावा, करारात लवाद असेल तर लवाद, देणं थकलं असेल आणि ते १ कोटीच्या वर असेल तर एनसीएलटी, आणि भाव बांधून देण्याचा प्रकार असेल तर स्पर्धा आयोग. आयोग तुमची थकबाकी वसूल करून देत नाही. तो बाजारातल्या स्पर्धेला धक्का बसला का एवढंच बघतो. नवे वकील प्रत्येक अन्यायाला कलम ४ चा मुलामा देतात आणि आयोग ती माहिती कलम २६(२) खाली बंद करतो. त्यात अशिलाचं वर्ष जातं.

व्यापारी दाव्यात दोन गोष्टी चुकल्या तर माफी नाही. तातडीचा मनाई हुकूम हवा नसेल तर व्यापारी न्यायालय कायद्याच्या कलम १२अ प्रमाणे आधी मध्यस्थीला जावंच लागतं. पाटील ऑटोमेशनच्या २०२२ च्या निकालानंतर यात पळवाट उरलेली नाही. ठाण्यात हा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो. दुसरी गोष्ट लेखी कैफियतीची, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तराची. समन्स बजावल्यापासून ३० दिवस, सबळ कारण असेल तर कमाल १२०. एकशे एकविसाव्या दिवशी न्यायाधीशांची इच्छा असली तरी ती दाखल करून घेता येत नाही. समन्स मिळाल्याची तारीख भिंतीवर लाल पेननं लिहा.

आयोगाची वाट अशी: कलम १९ खाली माहिती, घटनेपासून तीन वर्षांच्या आत. प्रथमदर्शनी तथ्य वाटलं तर महासंचालकांकडे (आयोगासाठी तपास करणारे अधिकारी) चौकशी. त्यांचा अहवाल, त्यावर दोन्ही बाजूंचे आक्षेप, सुनावणी, आदेश. त्यावर ६० दिवसांत दिल्लीच्या एनसीएलएटी या अपिली न्यायाधिकरणाकडे अपील, पण २०२३ पासून दंडाच्या २५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. त्यापुढे सर्वोच्च न्यायालय.

चौकशीत अशिलाच्या माणसाचा जबाब होतो तेव्हा वकील सोबत जाऊ शकतो, पण साक्षीदारासमोर बसू शकत नाही आणि त्याच्याशी सल्लामसलत करू शकत नाही. त्यामुळे सगळी तयारी आधी करावी लागते. तयारी म्हणजे उत्तरं पढवणं नव्हे. त्याचेच जुने ईमेल त्याच्यासमोर ठेवायचे आणि त्याला आठवू द्यायचं, आणि जे आठवत नाही ते 'आठवत नाही' असं सांगायला शिकवायचं.

कार्टेलमध्ये, म्हणजे संगनमत करणाऱ्या धंदेवाल्यांच्या टोळीत, सापडलेला अशील आला तर पहिल्या तासात कलम ४६ आठवा. जो आधी आयोगाकडे जाऊन सगळं सांगतो त्याला दंडात १०० टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते, दुसऱ्याला ५०, तिसऱ्याला ३०. सुक्या बॅटरीच्या प्रकरणात २०१८ मध्ये पॅनासॉनिकला पूर्ण सूट मिळाली होती. कार्टेलचा दंड प्रत्येक वर्षाच्या नफ्याच्या तिप्पट किंवा उलाढालीच्या १० टक्के, यांपैकी जे जास्त असेल तिथवर जाऊ शकतो. म्हणून इथे रात्र मध्ये जाऊ देऊ नये.

पायरी ७: पहिलं काम कुठून येतं

बड्या विलीनीकरणांतून नाही. ते शेजारच्या व्यापारी संघटनेतून येतं. वाहतूकदार, भंगारवाले, औषध विक्रेते, रेडीमिक्सवाले, सगळ्यांच्या संघटना आहेत आणि बहुतेकांना प्रामाणिकपणे वाटतं की 'सर्वानुमते दरपत्रक' छापणं हे संघटनेचं कामच आहे. औषध विक्रेत्यांच्या संघटनांनी नव्या स्टॉकिस्टला एनओसी सक्तीची करण्यावर आयोगानं अनेकदा बडगा उगारला आहे. हे आदेश घेऊन संघटनेच्या अध्यक्षांना भेटा. तासाभराचं भाषण मराठीत, फुकट द्या. बैठकीत भावाचा विषय निघाला तर काय करायचं हे सांगा: हरकत घ्या, ती इतिवृत्तात नोंदवा आणि उठून जा.

अशाच एका भाषणानंतर तुर्भ्याचे एक शेठ मागे थांबले होते. म्हणाले, "मॅडम, आम्ही दर दिवाळीला एकत्र बसतो, फराळ करतो आणि वर्षाचा रेट लिहून काढतो. माझ्या वडिलांपासून चालत आलंय." त्यांच्या बोलण्यात लबाडी अजिबात नव्हती. त्यांनी तो कागदही दाखवला, खाली अकरा सह्या. त्या वर्षी त्यांनी फराळ केला आणि कागद केला नाही, आणि पुढची नऊ वर्षं त्यांचे सगळे करार आमच्याकडे आले.

दुसरी बाजूही बघा. कंपनी डीलरला सूट देऊ देत नाही, असे डीलर आपल्या भागात पुष्कळ आहेत. मारुती सुझुकीवर आयोगानं २०२१ मध्ये २०० कोटींचा दंड केला, ते प्रकरण एका निनावी ईमेलवरून सुरू झालं होतं. डीलर ठरल्यापेक्षा जास्त सूट देतो का, हे तपासायला खोटी गिऱ्हाइकं पाठवली जात, असं आयोगाला आढळलं. त्यावर अपील झालं, तेही वाचा.

आता या आठवड्याचं काम. आयोगाच्या संकेतस्थळावर सगळे आदेश मोफत आहेत आणि विद्यार्थ्यांसाठी इंटर्नशिपची योजनाही तिथेच दिसेल. कलम २७ खालचा निविदांमधल्या संगनमताचा एक आदेश उतरवून घ्या. निष्कर्षाची पानं आधी उघडू नका. दोनशे पानी वही घ्या, पाच रकाने आखा आणि आदेशातली प्रत्येक तारीख तिच्यात लिहून काढा. मग तुम्ही काय ठरवलं असतं ते एका पानावर लिहा आणि त्यानंतरच आयोगाचा निष्कर्ष वाचा. दोन रविवार लागतील. आमच्याकडे याल तेव्हा ती वही घेऊन या, आपण पहिल्या तारखेपासून बघू.